झेंडू, बीट, हळद आणि माशांचा रंग: एका फिरत्या दाव्याला उत्तर

पाळलेल्या सॅल्मन माशाचं मांस गुलाबी दिसावं म्हणून त्याला रंगाचं इंजेक्शन देतात, तो रंग विषारी असतो आणि खाद्यात झेंडू, बीट, हळद असे वनस्पतींचे रंग घातले की प्रश्न मिटतो, असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. घरी टाकीत मासे पाळणारेही तो खरा मानून खाद्यात प्रयोग करू लागलेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

इंजेक्शनची गोष्ट खोटी आहे. कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-नारिंगी-लाल रंगद्रव्यं, मासा मुळापासून तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळतात. समुद्रातल्या सॅल्मनला ॲस्टाझँथिन हे गुलाबी-लाल कॅरोटिनॉइड मिळतं ते क्रिलसारख्या बारीक जिवांतून. पाळलेल्याला तेच खाद्यातून देतात, नाहीतर मांस फिकट करडं राहतं. सुई खरोखर टोचली जाते ती शोभेच्या पारदर्शक काचमाशांना. तो प्रकार क्रूर आहे, असे रंगवलेले मासे कुणी विकत घेऊ नयेत.

आता विषाबद्दल. खाद्यातलं ॲस्टाझँथिन बहुतेक वेळा कारखान्यात, पेट्रोलियमजन्य कच्च्या मालापासून बनतं, हे खरं. पण रेणू तोच, फक्त त्याच्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रूपांचं प्रमाण वेगळं. अमेरिकेत किलोभर खाद्यात ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कँथाझँथिन या दुसऱ्या रंगद्रव्याची सॅल्मनच्या खाद्यातली मर्यादा युरोपने २००३ मध्ये ८० वरून २५ मिलिग्रॅमवर आणली, कारण त्वचा सावळी करण्यासाठी त्याच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलावर स्फटिक आढळले होते. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे, आणि तिच्यावर नियम आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ वनस्पतींबद्दल आहे. बीटचा लाल रंग कॅरोटिनॉइड नाही. तो पाण्यात विरघळतो, माशाच्या कातडीत साठत नाही. हळदीचा पिवळा रंगही कॅरोटिनॉइड नाही. झेंडूतलं ल्युटीन मात्र अस्सल कॅरोटिनॉइड आहे, अंड्याचा बलक पिवळाधमक करायला कोंबडीखाद्यात ते वापरतातच. तरीही सॅल्मनचं मांस त्याने गुलाबी होणार नाही, कारण ल्युटीनचं ॲस्टाझँथिन करणं सॅल्मनला जमत नाही. गोल्डफिश आणि कोई हे शोभेचे मासे झिआझँथिन या दुसऱ्या कॅरोटिनॉइडपासून ॲस्टाझँथिन बनवू शकतात, म्हणून ते असलेलं स्पिरुलिना हे निळं-हिरवं शेवाळ त्यांच्या लाल रंगाला उपयोगी पडतं. कोळंबी तर बीटा-कॅरोटीनपासूनही ते बनवते. कोणत्या माशाला काय द्यायचं हे त्याच्या शरीरावर ठरतं, 'नैसर्गिक' या शिक्क्यावर नाही. शिवाय झेंडूच्या पाकळ्या कडक उन्हात वाळवल्या तर बरंचसं रंगद्रव्य तिथेच उडतं, हेही कुणी सांगत नाही.

आपल्या बाजारातल्या रोहू-कटल्याबद्दल धास्ती बाळगायचं कारण नाही, त्यांचं मांस पांढरंच असतं. कोळंबी शिजताना लाल होते तीही रंग लावल्यामुळे नाही. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते आणि आतलं ॲस्टाझँथिन दिसू लागतं.

आणि गोल्डफिशच्या टाकीत बीट किसून टाकत असाल तर कृपया आजच थांबवा. रंग तर येणार नाहीच, न खाल्लेला कीस कुजून पाण्यात अमोनिया वाढेल आणि मासे त्याने मरू शकतात.