‘मालकी सोडा, कंट्रोल ठेवा’ या मेसेजचं जरा एकेक करून बघू

परत तो मेसेज फिरायला लागलाय. कधी रील असते, कधी दहा स्लाइड्स, मजकूर मात्र तोच: खरे श्रीमंत स्वतःच्या नावावर काही ठेवतच नाहीत, सगळं ट्रस्टमध्ये टाकतात, म्हणून त्यांना टॅक्स नाही, कोर्ट नाही, कर्जवाल्यांची भीती नाही, मृत्युपत्राची गरज नाही, पोरांची भांडणं नाहीत. सोबत अमेरिकन तेलसम्राट रॉकफेलरचा फोटो, त्याच्या नावाने ‘मालकी कशाचीच नको, कंट्रोल सगळ्याचा हवा’ हे वाक्य, आणि बाजूला बिचारे व्हँडरबिल्ट, अमेरिकेतलंच रेल्वेवालं श्रीमंत घराणं, ज्यांचं म्हणे ट्रस्ट न केल्यामुळे सगळं उडालं.

ट्रस्ट हा काही फ्रॉड नाही, मोठी घराणी तो करतात आणि विचार करूनच करतात. माझी तक्रार एवढीच की मेसेजमध्ये फायदे सगळे लिहिलेत आणि त्यासाठी काय सोडावं लागतं ते गाळलंय.

‘मालकी नको, कंट्रोल हवा’

ट्रस्टमध्ये तीन माणसं असतात: मालमत्ता देणारा, ती सांभाळणारा ट्रस्टी, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती व्यक्ती म्हणजे लाभार्थी. आता तुम्हीच देणार, तुम्हीच सांभाळणार, मन बदललं की तुम्हीच परत घेणार असं असेल तर कायदा सरळ विचारतो की मग दिलं काय? असा कधीही मोडता येणारा ट्रस्ट करता येतो, सोयीचाही असतो, पण टॅक्सवाले आणि कर्जवाले दोघंही त्यातली मालमत्ता तुमचीच धरतात. अमेरिकेत अशी ताकद हातात राखली तर मेल्यावर ती मालमत्ता तुमच्याच इस्टेटीत मोजतात, आणि ब्रिटनमध्ये १९८६ पासून असा नियम आहे की ‘दिलं’ म्हणून त्याचा उपभोग स्वतःच घेत राहिलात तर वारसा कराच्या हिशोबात ते दिलंच नाही. खरं संरक्षण हवं तर न मोडता येणारा ट्रस्ट करावा लागतो, म्हणजे खरोखर हातातून सोडावं लागतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

सोडणं किती खरं असतं ते मीडियासम्राट रूपर्ट मर्डोकला विचारा. १९९९ साली त्याने न मोडता येणारा फॅमिली ट्रस्ट केला, त्याच्या पश्चात चार मोठ्या मुलांना प्रत्येकी एक मत. म्हातारपणी वाटलं की सगळी सूत्रं मोठा मुलगा लॅकलनकडेच राहावीत, म्हणून ट्रस्ट बदलायला गेला, बाकीच्या तीन मुलांनी विरोध केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या प्रोबेट कमिशनरने (वारसा आणि ट्रस्टची प्रकरणं बघणारा कोर्टाचा अधिकारी) निर्णय दिला की असं करता येणार नाही. शेवटी २०२५ मध्ये त्या तिघांना प्रत्येकी साधारण १.१ अब्ज डॉलर देऊन मिटवावं लागलं. ट्रस्ट त्याचाच, पैसा त्याचाच, वकील जगातले सगळ्यात महागडे, तरी कंट्रोल नाही.

उलट्या बाजूने सर्गेई पुगाचेव्ह बघा, रशियन बँकवाला. त्याने न्यूझीलंडच्या कायद्याखाली ट्रस्ट केले आणि स्वतःला ‘प्रोटेक्टर’ नेमून घेतलं, ट्रस्टींचे निर्णय अडवायचे आणि त्यांना काढून टाकायचेही अधिकार त्याच्याकडेच. २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने म्हटलं की इतके अधिकार स्वतःकडे ठेवलेस म्हणजे तू मालकी सोडलीच नाहीस. मेसेज जे करायला सांगतो ते या माणसाने अगदी तंतोतंत केलं होतं.

‘कर्जवाले हात लावू शकत नाहीत’

हे अर्धं खरं आहे. कुठलंही संकट डोक्यावर नसताना, सगळी देणी भागतील एवढं मागे ठेवून, वर्षानुवर्षं आधी केलेला ट्रस्ट बऱ्याचदा टिकतो. पण दावा दिसायला लागल्यावर घाईघाईत केलेली हस्तांतरणं कोर्ट उलटवू शकतं, आणि ही काही नवी आयडिया नाही, इंग्लंडमध्ये असा कायदा १५७१ सालीच झाला होता. सावकाराला चकवायला नावं बदलणं हा तेव्हापासूनचा उद्योग, आणि कायदाही तेव्हापासून मागेच आहे.

मेसेजवाले यावर ‘मग ऑफशोअर करा, कुक आयलंड्समध्ये’ असं सांगतात, म्हणजे देशाबाहेर, पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांवर. तर १९९० च्या दशकात एका अमेरिकन जोडप्याने नेमकं तेच केलं होतं. गुंतवणुकीच्या एका बोगस स्कीममधून आलेला पैसा कुक आयलंड्सच्या ट्रस्टमध्ये, आणि डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तऐवजात, एक खास कलम: मालकांवर कोर्टाचा दबाव आला की स्थानिक ट्रस्टी कंपनीने त्यांना सहट्रस्टी पदावरून आपोआप काढायचं. अमेरिकन कोर्टाने पैसे परत आणा म्हटलं तसं कलम लागू झालं, हे कोर्टात म्हणाले, बघा, आमच्या हातात आता काहीच नाही. मग लक्षात आणून देण्यात आलं की तुम्ही दोघं ट्रस्टचे प्रोटेक्टरही आहात, दबाव आहे की नाही हे ठरवायचा अधिकार तुमचाच. यांनी काय केलं, तर प्रोटेक्टरपदाचा राजीनामा द्यायला धावले! कोर्टाने विश्वास ठेवला नाही, दोघांना अवमानासाठी काही महिने तुरुंगात ठेवलं आणि १९९९ मध्ये अपील कोर्टानेही ते उचलून धरलं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पैसा परत मिळवणं सरकारला जड गेलंच, म्हणजे भिंत अगदीच कागदी नव्हती, पण तिच्यामागे पैसा होता आणि माणसं जेलमध्ये.

‘टॅक्स लागत नाही’

हा मुद्दा सगळ्यात धडधडीत चुकीचा. अमेरिकेत ट्रस्टने उत्पन्न वाटलं नाही, स्वतःकडेच ठेवलं, तर २०२५ च्या हिशोबाने १५,६५० डॉलरच्या वरच ३७ टक्क्यांचा सगळ्यात वरचा दर लागतो, एकट्या माणसाला तोच दर ६,२६,३५० डॉलरच्या वर. वाटलं तर लाभार्थी भरतो. ब्रिटनमध्ये बऱ्याच ट्रस्टना मर्यादेपेक्षा जास्त मालमत्ता आत टाकताना २० टक्के आणि मग दर दहा वर्षांनी ६ टक्क्यांपर्यंत द्यावे लागतात.

शिवाय ज्या इस्टेट टॅक्सपासून, म्हणजे मेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरच्या करापासून, वाचायचं म्हणून अमेरिकेत एवढा खटाटोप चालतो तो टॅक्सच कित्येक देशांत नाही. भारताने १९८५ मध्ये रद्द केला, कॅनडाने १९७२ मध्ये, नॉर्वेने २०१४ मध्ये. अमेरिकेतही २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. मेसेज मात्र देशाचं नावही न घेता सगळ्यांना एकच औषध देतो.

मग येतं ‘विकू नका, शेअर्स तारण ठेवून कर्ज काढा, आयुष्यभर टॅक्स शून्य’. अमेरिकेत यात तथ्य आहे, कारण मेल्यावर वारसांसाठी शेअर्सची खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरतात, आधीचा नफा टॅक्सच्या दृष्टीने पुसला जातो. पण कॅनडात मृत्यूच्या वेळी मालमत्ता विकलीच असं मानून टॅक्स घेतात, आणि भारतात वारसाला मूळ मालकाचीच खरेदी किंमत चिकटते. आणि व्याज कोण भरणार? बाजार कोसळला तर? चेसापीक एनर्जी या अमेरिकन गॅस कंपनीचा प्रमुख ऑब्री मॅक्लेंडन शेअर्सवर कर्ज काढून बसला होता, ऑक्टोबर २००८ मध्ये भाव पडले, मार्जिन कॉल आले, म्हणजे कर्जवाल्यांनी आणखी तारण किंवा पैसे मागितले, आणि स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतले त्याचे जवळपास सगळे शेअर्स त्याला काही दिवसांत विकावे लागले.

‘मृत्युपत्र गरिबांसाठी असतं’

ट्रस्टमध्ये तेवढंच असतं जेवढं तुम्ही त्याच्या नावावर करता, डीडवर सही केली म्हणून घर, शेअर्स, खाती आपोआप उडी मारून आत जात नाहीत. मायकल जॅक्सनचा फॅमिली ट्रस्ट होता, २००२ च्या मृत्युपत्रात लिहिलेलंही होतं की माझं सगळं त्या ट्रस्टला जावं, पण मालमत्ता ट्रस्टच्या बाहेर राहिलेली होती, म्हणूनच तो वारल्यावर, २००९ नंतर, त्याची इस्टेट प्रोबेट कोर्टातून जावी लागली. बाहेर राहिलेलं आत न्यायला मृत्युपत्रच लागतं.

‘पोरं भांडत नाहीत’

वर मर्डोक झालेच. ऑस्ट्रेलियात खाणसम्राट लँग हॅनकॉकने १९८८ मध्ये नातवंडांसाठी ट्रस्ट केला, ट्रस्टी होती मुलगी जिना राइनहार्ट. २०११ मध्ये धाकटी नात पंचवीस वर्षांची झाली की शेअर्स मुलांच्या हातात यायचे होते, त्याच्या अगदी तोंडावर आईने मुदत २०६८ पर्यंत ढकलायचा घाट घातला. मुलं कोर्टात गेली, २०१५ मध्ये ट्रस्टीपद मोठ्या मुलीकडे गेलं. भांडण मालकीवरून नाही तर ‘ट्रस्टी कोण आणि कधीपर्यंत’ यावरून झालं, एवढाच फरक.

‘व्हँडरबिल्टांनी ट्रस्ट केला नाही’

केला होता की! विल्यम हेन्री व्हँडरबिल्ट १८८५ मध्ये वारला तेव्हा आठ मुलांना प्रत्येकी एक कोटी डॉलर ठेवून गेला, त्यातले निम्मे ट्रस्टमध्येच. बाकीचं न्यूयॉर्कच्या हवेल्यांत, न्यूपोर्टच्या बंगल्यांत आणि बिल्टमोरसारख्या अडीचशे खोल्यांच्या घरात गेलं, आणि वारस वाढत गेले तसे वाटेही बारीक होत गेले.

आणि रॉकफेलर? ज्या १८८२ च्या स्टँडर्ड ऑइल ट्रस्टचा दाखला देतात तो कुटुंबासाठी नव्हताच, अनेक कंपन्यांचे शेअर्स नऊ ट्रस्टींच्या हातात गोळा करून तेलाचा धंदा मुठीत ठेवायची ती व्यवस्था होती, आणि दहा वर्षांत ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने ती मोडायला लावली. स्वतःच्या संपत्तीचं म्हणाल तर म्हाताऱ्याने अर्ध्या अब्जाहून जास्त डॉलर दान केले आणि उरलेल्यातला बहुतेक भाग १९१७ नंतरच्या काही वर्षांत सरळ मुलाच्या नावावर करून टाकला. मालकी गेली, कंट्रोलही गेला. घराण्याचे ते प्रसिद्ध ट्रस्ट १९३४ मध्ये मुलाने केले, आपल्या बायकोमुलांसाठी, तोपर्यंत फोटोतला रॉकफेलर पंचाण्णव वर्षांचा झाला होता.