जुना कॅनिस्टर लावला म्हणून त्याच दिवशी मासे सोडू नका

सांगली-मिरजेत मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा: नवा कॅनिस्टर फिल्टर (टाकीखाली ठेवायचा, पाणी गाळणारा बंद डबा) महाग पडतो, जुना घ्या. त्यातला मीडिया, म्हणजे आतल्या रिंगा आणि स्पंज, आधीच तयार असतो, तेव्हा न धुता टाकीला जोडा आणि संध्याकाळी मासे सोडा. गळत असेल तर रबराला व्हॅसलीन लावा. टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घेतला की पाणी बदलावं लागत नाही. रात्री बंद ठेवा, बिल वाचतं. आणि सहा महिने झाकणाला हात लावू नका.

यातलं ‘जुना घ्या’ एवढं मला मान्य आहे. माझ्या घरचे दोन्ही कॅनिस्टर जुनेच घेतलेले आहेत आणि दोन्ही नीट चालतात. बाकीचा मेसेज मात्र मासे मारतो. आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीतला नववीतला मुलगा तो वाचून जुना फिल्टर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात उभा होता. "काका, मासे वर येऊन तोंड उघडतायत." सहा गोल्डफिश होते. दुपारपर्यंत दोन उरले.

आधी ‘तयार मीडिया’चं बघू, कारण खरा घोळ तिथंच आहे. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजवर चिकटून वाढतात, म्हणून मुरलेल्या मीडियाला किंमत आहे. इथवर मेसेज बरोबर आहे.

पण या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातूनच येतो. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पंप बंद झाला की बंद डब्यातला तेवढा साठा काही तासांत संपतो. मग चांगले जिवाणू मरायला लागतात, गाळ कुजतो आणि त्यातून उलट अमोनियाच सुटतो. विकणाऱ्याच्या माळ्यावर महिनाभर पडलेल्या फिल्टरमध्ये तयार काहीच नसतं.

त्या मुलाचा फिल्टर मी त्याच्याच न्हाणीत उघडला. क्लिपा सोडल्याबरोबर कुजक्या अंड्याचा वास आला. स्पंज पिळला तर काकवीसारखा दाट, काळा गाळ बोटांवर आला. आदल्या संध्याकाळी स्विच दाबल्यावर हेच पाणी सगळ्यात आधी टाकीत गेलं होतं. त्यात घरात बोअरचं पाणी, जड आणि अल्कधर्मी. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. पोराची काही चूक नव्हती. त्याला सांगणाऱ्यांनी अर्धंच सांगितलं होतं.

मीडिया खरंच चालू हवा असेल तर एकच रस्ता आहे: विकणाऱ्याच्या घरी टाकी चालू असताना जा. मीडिया त्याच टाकीच्या पाण्यात, उघड्या बादलीत घ्या आणि तास-दोन तासांत घरी आणून फिल्टर सुरू करा. त्याची टाकीही नीट बघा. मासा अंग घासतोय, पांढरे ठिपके आहेत, एखादा खंगलाय, असं काही दिसलं तर मीडिया तिथंच सोडा. मीडियाबरोबर रोगही घरी येतो. माशांच्या क्षयाचा जंतू तर माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो, म्हणून जुना फिल्टर उघडताना हातमोजे घालावेतच.

बंद पडलेला फिल्टर घेतलात तर त्याच्याकडे रिकामं यंत्र म्हणूनच बघा. जुना स्पंज आणि कार्बन फेकून द्या. डबा, पाईप आणि रिंगा एक भाग बिनवासाचं ब्लीच आणि वीस भाग पाणी यात पंधरा मिनिटं ठेवा. मग भरपूर पाण्यानं धुवा, हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यात बुडवा आणि चांगलं वाळू द्या. इम्पेलरवरचा, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्यावरचा, पांढरा क्षार व्हिनेगरनं किंवा लिंबूसत्त्वानं सुटतो, पण ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यात करा. ब्लीच आणि आंबट पदार्थ एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

त्यानंतर मासे न सोडता टाकी चालू ठेवायची आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. नवे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की मग मासे आणा, तेही थोडे थोडे. पाणी नुसतं काचेसारखं स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नका, अमोनियाला रंग नसतो.

आता व्हॅसलीन. झाकणाची ओ-रिंग रबराची असते, व्हॅसलीन पेट्रोलियमचं. बरीच रबरं त्यानं फुगतात, मऊ पडतात. आज गळती थांबली असं वाटतं आणि पुढं रिंग खोबणीतच बसत नाही. रिंग चपटी झालेली असेल किंवा बोटानं वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर नवीच घ्या, आणि कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. एहाइम क्लासिकसारख्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात. स्वस्त मॉडेल घेताना मात्र पैसे देण्याआधी रिंग आणि इम्पेलर मिळतो का ते विचारून घ्या. इम्पेलरचा सिरॅमिक दांडा नखानं तपासा, तडा असेल तर फिल्टर खरखरतो.

गळतीला मी एवढा का घाबरतो? कॅनिस्टर टाकीच्या खाली असतो. झाकण सुटलं तर पाणी आपोआप ओढलं जातं आणि आत घेणाऱ्या पाईपच्या तोंडापर्यंत टाकी रिकामी होते. तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच टाकीत शंभर लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणून आधी न्हाणीत, स्टुलावर पाण्यानं भरलेली बादली ठेवून फिल्टर पूर्ण चोवीस तास चालवा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. कागदावर एक थेंब जरी उमटला तरी टाकीला जोडू नका. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोकून मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकेल.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: हा फिल्टर २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेला होता का? मोटर आत बंदिस्त असते, पण स्विचमध्ये आणि प्लगमध्ये गाळ शिरतो. अमेरिकेहून कुणी आणलेला असेल तर मागची पट्टी वाचा. तिकडचा फिल्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला तो जोडायचा नाही.

दुप्पट क्षमतेचा फिल्टर जरूर घ्या, मीडिया जास्त मावतो. पण नायट्रेट साठतच राहतं आणि ते पाणी बदलूनच जातं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर हायपो घालून.

रात्री बंद ठेवण्यानं काय वाचतं? २० वॅटचा फिल्टर रोज आठ तास बंद ठेवला तर महिन्याला पाच युनिटही वाचत नाहीत. तेवढ्यासाठी रोज रात्री जिवाणूंचा श्वास कोंडायचा? लाइट जाणं आपल्या हातात नाही. चार-पाच तास लाइट गेली असेल तर आल्यावर आधी डब्यातलं पाणी ओतून टाका, मगच सुरू करा.

सहा महिने न उघडण्याचं तर सोडूनच द्या. धार बारीक झाली की उघडायचा, साधारण महिन्या-दीड महिन्यानं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, कारण नळाच्या क्लोरीननं जिवाणू मरतात.

त्या दोन गोल्डफिशसाठी आम्ही अर्धं पाणी बदललं, एअर पंप लावला, दोन दिवस खाद्य बंद ठेवलं आणि माझ्या चालू फिल्टरमधल्या ओंजळभर रिंगा त्याच्या धुतलेल्या डब्यात टाकल्या. पोरगा आता रोज शाळेतून आला की दप्तर टाकून आधी टेस्ट किटची नळी उजेडात धरून बघतो. परवा अमोनियाचा रंग पहिल्यांदा शून्याच्या खुणेवर आला. विश्रामबाग किंवा मिरज भागात कुणी नव्यानं सुरुवात करत असेल तर ओंजळभर रिंगा मी देईन. येताना आपली बादली आणा, आणि आधी घरचा फिल्टर चोवीस तास न्हाणीत चालवून या.