वसईचा किल्ला वाटेत उरकू नका

ठाण्याहून वसईला सहलीला जाणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. सकाळी किल्ल्यात एक चक्कर, चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी फोटो आणि मग दिवसभर सुरुची बीच. माझं म्हणणं, हा बेत उलटा करा. तास-दीड तास समुद्राला, बाकीचा दिवस किल्ल्याला. आणि हे मी खास ठाणेकरांना सांगतेय, कारण पोर्तुगीजांकडून वसई घेणारी मराठ्यांची, चिमाजी अप्पांची मोहीम आपल्या गावातून सुरू झाली.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी आधी ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज तो बांधतच होते, काम पुरं व्हायचं होतं. ठाणं गेलं की साष्टी, म्हणजे ठाण्यालगतचं बेट, जाते आणि साष्टीकडून वसईला मिळणारी मदत तुटते, म्हणून पहिला घाव इथे. त्यानंतर वसई पडायला मे १७३९ उजाडला. आपला तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. रोज त्याच्या भिंतीलगत रिक्षाने जातो, पण आत सहज जाता येत नाही. वसई मात्र मोकळी आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, तोवर ती आपल्याच जिल्ह्यात होती.

सह्याद्रीतले गड बघायची सवय असलेला माणूस इथे आधी गोंधळतो. चढण नाही, बालेकिल्ला शोधत फिरावं असंही काही नाही. हे तटबंदीतलं शहर आहे. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं ते इथे घरंदारं करून राहिले. रस्ते, वाडे, मठ, चर्च. छपरं गेलीत, कमानी उभ्या आहेत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलात तर वर बघण्याआधी खाली बघा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं, खाली रोमन अक्षरं, काही पार झिजलेली, काहींच्या खाचांत माती बसलेली. मी एका शिळेपाशी उकिडवी बसून बोटाने अक्षरं लावत होते, तेवढ्यात चार पोरं चपलांसकट तिच्यावरून धावत गेली. त्यांना दोष देत नाही, खाली काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतींवर खिळ्याने नावं कोरणाऱ्या मोठ्या माणसांचा मात्र मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट. हा किल्ला फक्त विजयाची जागा म्हणून बघितला तर निम्मा सुटतो. विजय मोठा होताच. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, म्हणून उत्तरेकडच्या तटाला सुरुंग लावून, माणसं गमावत लढाई जिंकावी लागली. पण त्यानंतर पोर्तुगीजांना सामानसुमान घेऊन सन्मानाने जाऊ दिलं, मागे राहणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळायची मुभा दिली, हेही तितकंच अभिमानाचं आहे. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च याच तटाच्या आत आहे. वज्रेश्वरीचं आणि नागेश्वराचं देऊळही आत आहे. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला पेशवा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून त्यांचं वर्चस्व मान्य केलं, तेही याच वसईत. ती तारीख आपण घाईने ओलांडतो. तिथे थांबायला हवं.

समुद्राबद्दल थोडक्यात. सुरूची झाडं सुंदर आहेत, वारा छान असतो. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. त्यापेक्षा किल्ल्याशेजारच्या पाचूबंदरला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेले बोंबील बघा, वास सोसत असेल तर. येताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्या.

जायचं कसं? रविवारी घोडबंदर रोडला अडकण्यापेक्षा भाईंदरच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट घ्या. खाडीतून किल्ला समोर येतो, तेव्हा तो इथेच का बांधला हे नकाशाशिवाय कळतं.

ठाण्यातल्या शाळांकडे एक मागणं आहे. वॉटर पार्कची एक सहल रद्द करा आणि मुलांना वसईला न्या. निघताना बस कारागृहाच्या भिंतीपाशी पाच मिनिटं थांबवा आणि १७३७ ची गोष्ट तिथेच सांगा. पुढची गोष्ट वसईत, तटावर.