सूर्याचे अंतर एकट्या ताहितीवरून मोजलेले नाही
कॅप्टन कुक यांनी १७६९ मध्ये प्रशांत महासागरातील ताहिती बेटावरून शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसणे) पाहून एकट्याने सूर्याचे अंतर शोधले, हा सध्या फिरणारा दावा खरा नाही. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १७१६ मध्ये सुचवलेली पद्धतच मुळी दूरदूरच्या अक्षांशांवर नोंदलेल्या अधिक्रमणाच्या वेळांतील फरकावर आधारलेली असल्याने एका ठिकाणचे निरीक्षण, ते कितीही काटेकोर असले तरी, अपुरेच ठरले असते. १७६९ च्या अधिक्रमणाच्या दिवशी नॉर्वेतील वार्डो येथे मॅक्सिमिलियन हेल, हडसनच्या उपसागरावर विल्यम वेल्स आणि बाहा कॅलिफोर्नियात फ्रान्सचे शाप द'ओतरोश निरीक्षण करत होते. शाप तर त्यानंतर तेथेच साथीने मरण पावले. त्यांचे नाव वगळणे अन्यायाचे आहे. अशा नोंदी एकत्र करूनच ऑक्सफर्डच्या थॉमस हॉर्न्सबी यांनी १७७१ मध्ये सूर्याचे लंबन, म्हणजे ज्यावरून त्याचे अंतर काढता येते तो कोन, ८.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ठरवले.