पुलाला यंत्र लावा, कानात बोळे घाला

तुमच्या ताब्यातला पूल म्हातारा झालाय आणि लोक प्रश्न विचारू लागलेत? मग पुलाची थरथर मोजणारे वायरलेस सेन्सर बसवून घ्याच. दुरुस्ती काढली की वाहतूक बंद करावी लागते, शिव्या खाव्या लागतात. सेन्सर बसवताना फक्त फोटो काढावे लागतात. केबल ओढायची कटकटही नाही. डब्या चिकटवल्या, हिरवे दिवे लागले, की तुम्ही सुटलात.

किती बसवायचे? भाषणात सांगताना भारदस्त वाटतील इतके. 2006 साली अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलावर बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 64 नोड, म्हणजे सेन्सरच्या डब्या, लावले होते. शेवटच्या नोडचा संदेश या नोडवरून त्या नोडवर असा 46 उड्या मारत पोचायचा. पण ती मंडळी पडली काटेकोर. सगळ्या नोडची घड्याळं एकमेकांशी जुळावीत म्हणून धडपडली. तुम्ही त्या फंदात पडू नका. 5 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या, कंपनात दोन घड्याळांमध्ये 10 मिलिसेकंदांचा फरक राहिला, तर कला (फेज, म्हणजे हेलकावा कुठवर आलाय ते) 18 अंशांनी चुकते. म्हणजे पुलाचा कुठला भाग वर जातोय नि कुठला खाली, याचं चित्र बिघडतं. बिघडलेलं चित्रही मोठ्या पडद्यावर रंगीतच दिसतं.

सेन्सर लावायचे कुठे, तर हात पोचेल तिथे. कठडा उत्तम. सांधे, पूल ज्यांवर टेकतो ती बेअरिंग, गंजलेले कोपरे असल्या अडचणीच्या जागी कोण तडमडणार? 1967 मध्ये अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 माणसं गेली, ती पूल तोलून धरणाऱ्या साखळीच्या एका पट्टीतल्या जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेगेपायी. एवढीशी भेग अख्ख्या पुलाच्या कंपनात उमटतही नाही, तिला जागेवरच गाठावं लागतं. तेव्हा कठड्यावरचा सेन्सर तुम्हाला कधीच दगा देणार नाही. तो ‘सर्व ठीक’ म्हणत राहील.

पहिलं मोजमाप घाईने करू नका. धडधाकट पूल कसा थरथरतो ते आधी नोंदवावं आणि पुढे त्याच्याशी ताडून पाहावं, असं जाणकार म्हणतात. तुम्ही तडे गेल्यावर सुरुवात करा. तापातल्या माणसाचा तापच नेहमीचा धरला, की तो आजारी म्हणून पडतच नाही.

एवढं करूनही आलेख हललाच, तर थंडी-ऊन मदतीला आहेत. स्वित्झर्लंडमध्ये झेड-24 नावाचा पूल पाडण्याआधी त्याची जवळजवळ वर्षभर मोजमापं घेतली, मग त्याला टप्प्याटप्प्याने मुद्दाम इजा केली. कडाक्याच्या थंडीत वरचं डांबर ताठ होऊन पुलाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो आपसूक सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, वाढते, असं तिथे दिसलं. म्हणून तापमानही मोजा आणि त्याचा परिणाम वजा करून मगच इजा शोधा, हा त्यातला धडा. तुम्ही अर्धाच घ्या : “हवामानामुळे असेल.” हे वाक्य बाराही महिने चालतं. (बैठकीत ते जरा चष्मा काढून म्हणावं.)

बॅटरी मरेल, मरू द्या. बदलायला वर चढणार कोण, हे टेंडरमध्ये लिहू नका. मुका झालेला नोड तक्रार करत नाही. पडद्यावर त्याचा शेवटचा आकडा तसाच हिरवा ठेवायला सांगा.

आता खरी जोखमीची बाब. धोक्याचा इशारा आला तर पूल बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे कागदावर येता कामा नये. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या आय-35डब्ल्यू पुलाच्या सांध्यांवरच्या, तुळया एकत्र धरणाऱ्या पोलादी गसेट प्लेटा वाकलेल्या 2003 च्या फोटोंत दिसत होत्या. फोटो काढायला सेन्सर लागला नव्हता. मूळ आराखड्यातच त्या प्लेटा हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. 1 ऑगस्ट 2007 ला, वर रस्त्याच्या कामाचं सामान रचलेलं असताना, पूल पडला; 13 जण गेले. त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या पुलात तीनशेहून अधिक सेन्सर आहेत.

तर इशाऱ्याचा ईमेल कोणाला जावा? बदली झालेल्या साहेबांचा पत्ता टाका. त्यांची पेटी अजून चालू आहे, फक्त भरलेली आहे.