टीकॅस नियंत्रकाची जागा घेऊ शकत नाही

एक मजकूर सध्या पुष्कळ जण एकमेकांना पाठवत आहेत. त्याचा आशय असा: 1996 च्या चरखी दादरी अपघातानंतर विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे दोन विमाने हवेत आदळणे आता अशक्य आहे, रात्री आकाश मोकळे असते, तेव्हा जमिनीवरून विमानांना मार्ग आणि उंची सांगणारा एक हवाई वाहतूक नियंत्रक पुरतो, आणि तरीही अपघात झालाच, तर तो त्या एका माणसाचा हलगर्जीपणा असतो, कामाचा ताण ही नुसती सबब आहे. हे घडलेल्या घटनांना धरून नाही, आणि ज्यांच्या भरवशावर आपण विमानात निर्धास्त बसतो त्या माणसांवर अन्याय करणारेही आहे.

चरखी दादरीचा संदर्भ खरा आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबण्याची आणि दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली गेले, दोन्ही विमाने आदळली आणि 349 माणसे मृत्युमुखी पडली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे, म्हणून वैमानिक जे सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे नियंत्रकाच्या हाती काही नव्हते. दोन्ही विमानांत टीकॅस नव्हते. ते असते तर अनर्थ बहुधा टळला असता, हे मलाही मान्य आहे.

पण ‘अशक्य’ हा शब्द टिकत नाही. टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणाऱ्या उपकरणाशी, संवाद साधते आणि टक्कर साधारण 15 ते 35 सेकंदांवर आली असताना वैमानिकाला वर किंवा खाली जाण्याचा आदेश देते. समोरचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर तिच्या लेखी ते विमान अस्तित्वातच नसते. 29 सप्टेंबर 2006 रोजी ब्राझीलमध्ये 37,000 फुटांवर हेच घडले आणि ‘गोल’ या विमान कंपनीच्या बोइंगमधील सर्व 154 जणांचा जीव गेला. दुसरी मर्यादा जमिनीजवळची आहे. सुमारे 1,000 फुटांखाली ही यंत्रणा आदेश देतच नाही, कारण तिथे ‘खाली जा’ असे सांगणे हाच धोका असतो. 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर सुमारे 300 फुटांवर झाली, 67 जण गेले. विमानात ‘ट्रॅफिक’ एवढी सूचना वाजली होती, आदेश मात्र आला नाही. त्या वेळी हेलिकॉप्टरे आणि विमाने दोन्ही एकच नियंत्रक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सांभाळत होता. सांताक्रूझ विमानतळाच्या धावपट्ट्यांजवळच जुहूचा हेलिकॉप्टर तळ असलेल्या मुंबईकरांनी तरी ही मर्यादा नीट समजून घ्यावी.

रात्रीच्या विधानाला सर्वांत स्पष्ट उत्तर जर्मनीतील युबरलिंगनच्या आकाशात मिळाले. 1 जुलै 2002 च्या रात्री एक रशियन टुपोलेव्ह प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग, दोन्ही 36,000 फुटांवर, एकमेकांचा मार्ग छेदणार होती. दोन्हींत टीकॅस होते आणि ते बिघडलेले नव्हते. हा भाग स्वित्झर्लंडमधील झुरिकहून हाताळला जात होता आणि तिथल्या नियंत्रकाकडे त्या वेळी मोजकीच विमाने होती. त्याचा सहकारी विश्रांतीला गेलेला, म्हणून तो दोन पडद्यांसमोर दोन फ्रिक्वेन्सी एकटाच पाहत होता. देखभालीच्या कामामुळे रडार मर्यादित क्षमतेने चालू होते आणि पडद्यावर दिसणारा धोक्याचा इशारा बंद होता. मुख्य दूरध्वनी बंद, पर्यायी जोडणी नादुरुस्त. फ्रीडरिक्सहाफेनला उशिरा उतरणाऱ्या एका एअरबससाठी तिथल्या विमानतळाला फोन लावण्यात त्याचा वेळ जात होता. जर्मनीतील कार्लस्रूहेच्या नियंत्रकांना धोका दिसला होता, पण त्यांचाही फोन लागेना.

टक्करीला 43 सेकंद उरले असताना त्याने टुपोलेव्हला खाली जाण्यास सांगितले. सातच सेकंदांनी टीकॅसने त्याच विमानाला वर जाण्याचा, तर बोइंगला खाली जाण्याचा आदेश दिला. टुपोलेव्हने नियंत्रकाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे, आणि दोन्ही एकत्र खाली येत आदळली. 71 जण गेले, त्यांत शाळकरी मुलेच बहुसंख्य होती. विमानांच्या संख्येवरून कामाचा भार मोजणाऱ्यांनी ही रात्र आठवावी. संख्याही गौण नाही, कारण 10 विमानांत 45 जोड्या होतात आणि 20 विमानांत 190, आणि यांतली कोणती जोडी जवळ येणार हे नियंत्रकाला सतत ताडावे लागते. पण त्या ओझ्यात बंद फोन, दुसरा पडदा आणि शेजारी कोणी नसणे हेही मोजावे लागते.

त्यानंतर 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला: टीकॅसचा आदेश आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध असेल, तर वैमानिकाने टीकॅसचे ऐकायचे. नियम योग्यच आहे. तथापि, आदेश पाळणारे विमान नेमलेली उंची सोडते, तेव्हा त्याला इतर विमानांपासून दूर ठेवण्याची नियंत्रकाची जबाबदारी तेवढ्यापुरतीच थांबते, आणि ते विमान नेमलेल्या जागी परतल्याचे कळताच ते काम पुन्हा नियंत्रकाचेच असते.

राहिला दोष एका माणसावर टाकण्याचा प्रश्न. जर्मन तपास अहवालाने रात्री एकाच नियंत्रकावर काम सोपवण्याची पद्धत झुरिकच्या व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे चालू दिल्याचे नोंदवले. 2007 मध्ये स्विस न्यायालयाने झुरिकचे हवाई नियंत्रण चालवणाऱ्या स्कायगाईड या संस्थेच्या चार जणांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंसाठी दोषी ठरवले. तो निकाल ऐकायला त्या रात्रीचा नियंत्रक हयात नव्हता. फेब्रुवारी 2004 मध्ये त्या अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका माणसाने, साऱ्याला तोच एकटा जबाबदार आहे असे मानून, त्याच्या घराच्या दारात त्याला भोसकून ठार केले होते.