बॅबेजचं यंत्र आणि आपली सहावीची मुलं

सहावीपासून कोडिंग शिकवा, असं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं. त्याच धोरणात सुतारकाम, धातूकाम अशा हातकामाची ओळख करून द्या, असंही आहे. पण आपल्याकडे घरोघरी वाद रंगतो तो कोडिंगचाच. रंधा-कानशीचं नाव कोणी काढत नाही. इथे लंडनमधून तो वाद ऐकताना सायन्स म्युझियममधलं चार्ल्स बॅबेजचं यंत्र डोळ्यांसमोर येतं.

बॅबेज म्हणजे 'संगणकाचा जनक', एवढंच आपण पाठ केलं. माणूस मोठा विलक्षण. काचेच्या ४६४ तावदानांच्या फुटण्याची कारणं त्याने कोष्टकात मांडली. रस्त्यावर बाजा वाजवणाऱ्यांविरुद्ध तो इतका लढला की १८६४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. केंब्रिजमध्ये अकरा वर्षं प्राध्यापक होता, पण व्याख्यान एकही दिलं नाही.

त्याचं पहिलं डिफरन्स इंजिन, म्हणजे नुसत्या बेरजांनी गणिताची कोष्टकं काढणारं यंत्र, मात्र अर्धवट राहिलं. सरकारचे सुमारे १७,५०० पौंड गेले, आणि १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. त्या काळातली कारागिरीच कमी पडली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. जोसेफ क्लेमंट या कारागिराचे सुटे भाग पुढे मोजले, तेव्हा ते दोन थाऊपर्यंत, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशापर्यंत, एकसारखे निघाले. काम अडलं ते व्यवहारात. कार्यशाळा बॅबेजच्या घराजवळ हलवायची ठरली, क्लेमंटने नकार दिला, पैशांवरून बिनसलं आणि १८३३ मध्ये काम थांबलं. सरकारी पैशातून घडवलेली हत्यारंसुद्धा धंद्याच्या रिवाजाप्रमाणे क्लेमंटचीच राहिली. त्यानंतर बॅबेजचं मन पुढच्या, आणखी मोठ्या यंत्राकडे वळलं.

त्याच्या दुसऱ्या, कागदावरच राहिलेल्या डिफरन्स इंजिनचा गणिताचा भाग म्युझियमने १९९१ मध्ये पुरा केला: सुमारे ४,००० सुटे भाग, आठ खांब, खांबागणिक ३१ अंकचक्रं. अचूकता मुद्दाम त्या काळाला जमेल एवढीच ठेवली, आणि यंत्र बिनचूक चाललं! मूळ आराखड्यांत चुका होत्या; त्या सुधाराव्या लागल्या. सगळ्यात कठीण भाग हातच्याचा. चक्र ९ वरून ० वर गेलं की एक खटका पडतो; मग गोल जिन्यासारखे रचलेले दांडे खालून वर एकेक खटका तपासत जातात आणि वरच्या चक्रात एक मिळवतात. सगळे हातचे एकदम दिले असते, तर ओळीने ९ आल्यावर हिशेब चुकला असता. आणि चक्र दोन अंकांच्या मधे अडकलं, तर यंत्र चुकीचं उत्तर देत नाही, जाम होतं. ही शिस्त कोडिंगच्या पुस्तकातही हवी.

क्लेमंटच्या कार्यशाळेत जोसेफ व्हिटवर्थ काम करत होता. १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारा तोच. आपल्या आयटीआयमधला फिटर 'बीएसडब्ल्यू' म्हणतो, त्यातला डब्ल्यू म्हणजे हा व्हिटवर्थ. यंत्र अपुरं राहिलं, पण त्या कार्यशाळेने माणूस घडवला. अशा खर्चाला वाया गेलेला पैसा म्हणणं मला मान्य नाही.

इथे इंग्लंडमध्ये तरी सगळं आलबेल आहे का? नाही. पगार घेत पदवी मिळवण्याची सोय आहे, ती आपण जरूर घ्यावी. पण शाळेत डिझाइन-टेक्नॉलॉजी हा वस्तू घडवण्याचा विषय घेणारी मुलं गेल्या वीस वर्षांत खूप घटली आहेत. ती घट आपण उचलू नये.

सहावीच्या वर्गात एवढं करून पाहावं. तीन रकाने आखा: ४१, २, २. दुसरा पहिल्यात मिळवा, ४३. तिसरा दुसऱ्यात, ४. पुन्हा तेच: ४७ आणि ६, मग ५३ आणि ८. गुणाकार कुठेही नाही. बॅबेज पाहुण्यांना हीच मालिका दाखवायचा. हे जमलं की तेच पुठ्ठ्याच्या चकत्यांवर करायला द्या, प्रत्येकीवर ० ते ९. बेरीज पहिल्यांदा अडेल ती ४७ मध्ये ६ मिळवताना: एककाची चकती ३ वर येईल आणि दशकाची ४ वरच राहील. तिला ढकलणारा दात कुठे बसवायचा, ते मुलांनाच शोधू द्या.